रेकॉर्डिंगला दुसरा ड्रमर बोलावला, आता बँड सोडू का?

"ताई, मी २५ वर्षांचा, चिंचवडला राहतो. शाळेत असल्यापासून ढोल-ताशा पथकात ताशा वाजवायचो, तिथून कॉलेजात ड्रम्सवर आलो. आमचा चौघांचा रॉक बँड आहे, स्वतःची मराठी-हिंदी गाणी करतो, पाच वर्षं झाली. गाणी गायक आणि गिटारवाला लिहितात. मागच्या महिन्यात पहिल्यांदा नीट स्टुडिओत चार गाणी रेकॉर्ड करायला घेतली. पहिल्या दिवशी मी दोन गाणी वाजवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गायकाचा फोन, की प्रोड्युसर म्हणतोय ड्रम्स टाइट नाहीयेत, त्याच्या ओळखीचा सेशन ड्रमर आहे तो वाजवेल, तू लाइव्हला आहेसच की. मी ओके म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून प्रॅक्टिसला गेलो नाहीये. आता ग्रुपवर चाललंय की गाणी रिलीज झाली की सगळ्यांनी नोकरी सोडून फुल टाइम उतरायचं. मी एका कंपनीत टेस्टिंगला आहे. बाबा म्हणतात, ज्यांनी तुला बाजूला केलं त्यांच्यासाठी नोकरी सोडणार? ड्रम्स मला सोडायचेच नाहीत, पण या लोकांबरोबर परत बसू का कळत नाही. प्रॅक्टिसनंतर रात्री कानात शिट्टी वाजत राहते, पण ते सगळ्यांनाच होत असेल. रॉक बँडमधल्या ड्रमरला खरंच करिअर असतं का, की आम्ही कधीही बदलता येणारी माणसं?"
– ताशेवाला, चिंचवड

ताशेवाल्या मित्रा,

पत्र वाचून वाईट वाटलं आणि मग जरा रागही आला, कारण पाच वर्षं ज्याच्या जिवावर सगळी गाणी बसवली त्याला असं दोन वाक्यांत फोनवर उरकायचं नसतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्या प्रोड्युसरची बाजूपण सांगणार आहे आणि तेव्हा तुला वाटायला नको की ताईला माझं दुखणं किरकोळ वाटतंय.

तुझ्याबरोबर जे झालं ते बीटल्सच्या ड्रमरबरोबर, रिंगो स्टारबरोबर झालंय, आणि तेही त्यांच्या पहिल्याच सिंगलला, म्हणजे दोन बाजूंना दोन गाणी असलेल्या छोट्या रेकॉर्डला. ऑगस्ट १९६२ मध्ये तो बँडमध्ये आला, ४ सप्टेंबरला लंडनला ईएमआयच्या स्टुडिओत त्याने 'लव्ह मी डू' वाजवलं, आणि ११ तारखेला पोरं परत स्टुडिओत गेली तर तिथे अँडी व्हाइट नावाचा सेशन ड्रमर, म्हणजे रेकॉर्डिंगपुरता पैसे घेऊन वाजवणारा, आधीच बोलावून ठेवलेला. रिंगोच्या हातात खंजिरी दिली. दुसऱ्या बाजूच्या गाण्याला मराकस, म्हणजे खुळखुळे. बँडमध्ये येऊन महिनासुद्धा झाला नव्हता, विचार कर काय वाटलं असेल. त्याला ते फार लागलं होतं, हे त्याने पुढे अनेकदा सांगितलंय. पण तो गेला नाही. आणि सिंगल आली तेव्हा पहिल्या छपाईत रिंगोचीच आवृत्ती होती, अँडी व्हाइटवाली नंतर अल्बमवर आली.

आता त्याच्या आधीचं बघ, कारण तुझ्यासाठी खरं महत्त्वाचं ते आहे. रिंगोच्या आधी तिथे पीट बेस्ट होता, दोन वर्षं, हॅम्बुर्गच्या क्लबांमध्ये रात्र रात्र वाजवलेला. जून १९६२ मध्ये बीटल्स पहिल्यांदा त्या स्टुडिओत गेले तेव्हा प्रोड्युसर जॉर्ज मार्टिनला त्याचं वाजवणं पटलं नाही, आणि रेकॉर्डिंगला मी सेशन ड्रमर घेईन, बाहेर तुम्हाला हवा तो ठेवा, असं त्याने सांगितलं. म्हणजे शब्दशः तुझ्या फोनवरचंच. बँडने मात्र त्या निमित्ताने त्याला काढूनच टाकलं, आणि तिघांपैकी एकानेही तोंडावर सांगितलं नाही, १६ ऑगस्टला मॅनेजर ब्रायन एप्स्टाइनने ऑफिसात बोलावून सांगितलं. पुढे पीट बेस्टने लिव्हरपूलला रोजगार खात्यात वीसेक वर्षं नोकरी केली.

म्हणजे प्रोड्युसरचा शेरा दोघांनाही मिळाला होता. एकाच्या बाबतीत बँड त्याच्या मागे उभा राहिला नाही, दुसऱ्याच्या बाबतीत बँडला तो हवाच होता, आणि सगळा फरक तिथेच पडला. म्हणून तुला आधी शोधायचंय ते एवढंच, की तुझ्या तिघांना तू हवा आहेस का, की ते पण मनातून तेच म्हणतायत आणि प्रोड्युसरच्या खांद्यावर बंदूक ठेवलीय. हे घरी बसून, ग्रुपवरचे मेसेज परत परत वाचून कळणार नाही. गायकाला एकट्याला भेट, जॅम रूमवर नको, कुठेतरी चहाला, आणि सरळ विचार की हे तुझंपण मत आहे का. तो गडबडला, विषय बदलायला लागला, तर उत्तर मिळालं. त्याने समोर बसून सांगितलं की हो यार, अमुक गाण्यात तू पळतोस, आम्हाला दोन वर्षांपासून जाणवतंय पण बोललो नाही, तर मात्र तो माणूस धरून ठेव, कारण असं तोंडावर सांगणारे बँडमध्ये फार कमी असतात.

आणि तूपण बोल. 'ओके' म्हणून फोन ठेवला आणि गायब झालास, त्यांना काय वाटत असेल? कदाचित ते समजतायत की याला काही वाटलंच नाही, किंवा याला आता यायचंच नाही. १९६८ च्या ऑगस्टमध्ये रिंगोने खरंच बँड सोडला होता, जेमतेम दोन आठवडे. त्याला वाटायला लागलं होतं की आपलं वाजवणं नीट होत नाहीये आणि बाकीचे तिघं एकमेकांना जवळचे आहेत, आपणच बाहेरचे. तो एकेकाच्या दारात जाऊन हे बोलला आणि समोरून ऐकायला काय मिळालं, तर अरे मला वाटत होतं तुम्ही तिघं जवळचे आणि मीच बाहेरचा! तो नसताना ड्रम्सवर बँडमधलाच पॉल मॅकार्टनी बसला, दोन गाणी तशी झाली सुद्धा, आणि रिंगो परत आला तेव्हा त्यांनी त्याचा अख्खा सेट फुलांनी सजवून ठेवला होता. तुझे मित्र फुलं लावतील का माहीत नाही, पण न बोलता चार माणसांच्या डोक्यात चार वेगवेगळ्या गोष्टी शिजतात हे मी बँडच्या मागे साउंडचं काम करताना खूप वेळा पाहिलंय आणि चांगले चांगले बँड त्यात फुटलेत.

आता 'टाइट नाहीयेत', म्हणजे लयीला पक्के नाहीयेत, यावर. हे ऐकायला अपमान वाटतो पण स्टुडिओचं गणित समजून घे. आधी ड्रम्स घेतात, मग त्यावर बास, मग गिटार, शेवटी आवाज. हेडफोनमध्ये लय धरून देणारी टिकटिक असते तिला क्लिक म्हणतात, ड्रम्स त्या क्लिकवरून सरकले की बासवाला कशाला धरेल? किकला, म्हणजे पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमला, की क्लिकला? तिथून पुढे प्रत्येक जण थोडा थोडा चुकत जातो, आणि ड्रम्सला आठ-दहा माइक लावलेले असतात, सगळ्यांत सगळ्याचा आवाज घुसलेला, त्यामुळे नंतर दुरुस्त करणं म्हणजे भयंकर किचकट काम. शिफ्टचे पैसे चालू असतात, प्रोड्युसर घड्याळ बघतो आणि ओळखीच्या सेशनवाल्याला फोन लावतो. यात तुझा द्वेष नाहीये. त्याला वेळेत काम संपवायचंय.

तू पथकातून आलायस, त्यामुळे मला एक शंका आहे. पथकात ताशाच पुढे असतो, ढोल त्याच्यामागे चालतो, आणि मिरवणूक रंगत आली की लय चढते, चढायलाच हवी, ती मजाच त्यात आहे, चौकात शेवटचा ठेका सुरुवातीच्या लयीत वाजवला तर लोक घरी जातील. ती सवय तुझ्या मनगटात बसलीय आणि लाइव्हला ती तुझी ताकद असणार. क्लिकला मात्र उत्साह कळत नाही, पहिल्या कडव्यात जी लय तीच शेवटच्या कोरसला. तर एक कर, प्रोड्युसरकडून किंवा गायकाकडून तू वाजवलेल्या त्या दोन गाण्यांचे तुझे ड्रम ट्रॅक्स क्लिकसकट मागून घे. मागायला लाजू नकोस, तुझंच वाजवणं आहे. हेडफोन लावून नुसता कोरसच्या आधीचा फिल, म्हणजे दोन भागांना जोडणारा ड्रम्सचा तुकडा, ऐक. स्नेअरवरून टॉमवर, टॉमवरून फ्लोअर टॉमवर येताना हात घाई करतो आणि समेवरची क्रॅश झांज क्लिकच्या अंशभर आधी पडते, बहुतेक सगळ्या नव्या ड्रमरचं इथेच होतं. कडवं चालू असताना तू बरोबर असशील आणि फक्त फिलमध्ये पळत असशील तर हे महिन्या-दोन महिन्यांचं काम आहे. कडव्यातच किक एकदा पुढे एकदा मागे पडत असेल तर वर्षभराचं, पण तेही होण्यासारखंच.

सराव कसा करायचा ते थोडक्यात. क्लिक हळू लाव, ६० वगैरे, हळू लयीतच सगळं उघडं पडतं. मग क्लिक फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला ऐकू येतोय असं धरून वाजव. मग असं ॲप घे ज्यात चार आवर्तनं क्लिक असतो आणि चार आवर्तनं गायब, परत आला की तू कुठे आहेस ते कळतं. सगळं प्रॅक्टिस पॅडवर होतं, सोसायटीतून तक्रार यायला नको. आणि चार्ली वॉट्सचे व्हिडिओ बघ, रोलिंग स्टोन्सवाला. त्याचा उजवा हात हाय-हॅटवर, म्हणजे झांजांच्या जोडीवर, चालू असतो, पण स्नेअर वाजतो त्या क्षणी तो उजवा हात उचलतो, हाय-हॅट मारतच नाही, त्यामुळे स्नेअर एकटा, मोकळा वाजतो. एक फटका कमी वाजवून त्याने अख्ख्या बँडला श्वास दिलाय. पथकातल्या पोराला जागा सोडणं सगळ्यात जड जातं, म्हणून मुद्दाम हे सांगतेय. आणि ज्या 'लेट इट ब्लीड' अल्बमवर चार्ली वाजवतोय त्याच अल्बममधल्या शेवटच्या गाण्याला ड्रम्स त्याचे नाहीत, प्रोड्युसर जिमी मिलरने स्वतः वाजवलेत, कारण तो विशिष्ट ठेका चार्लीच्या हातात बसेना. हा अल्बम १९६९ चा. चार्ली २०२१ ला वारला, तोवर त्याच बँडमध्ये होता.

शक्य झालं तर गुरू शोध, आत्ता, या वयात. रश बँडचा नील पर्ट, ज्याला ड्रमर लोक देव मानायचे, तो चाळिशी ओलांडल्यावर, वीस वर्षं मोठमोठ्या स्टेडियममध्ये वाजवून झाल्यावर, फ्रेडी ग्रुबर नावाच्या म्हाताऱ्या शिक्षकाकडे शिकायला गेला आणि काठी धरण्यापासून बदलून आला. तुला तर पंचविशीच लागलीय.

बदलता येणारी माणसं का, हा प्रश्न तू फार कळवळून विचारलायस. खरं सांगू, ठेका बदलता येतो, एका गाण्यापुरता कोणीही भाड्याने मिळतो. पण डेफ लेपर्ड बँडचा ड्रमर रिक ॲलन बघ. ३१ डिसेंबर १९८४ ला कार अपघात झाला, डावा हात गेला, वय २१. त्या वेळी त्यांचा आधीचा अल्बम तुफान चाललेला आणि पुढचा करायला घेतलेला, दुसरा ड्रमर मिळायला किती वेळ लागला असता? त्यांनी घेतला नाही. रिकने डाव्या हाताची कामं डाव्या पायाकडे दिली, इलेक्ट्रॉनिक पेडलं बनवून घेतली, आणि ऑगस्ट १९८६ मध्ये इंग्लंडला डॉनिंग्टनच्या फेस्टिव्हलला तो परत स्टेजवर बसला. १९८७ मध्ये 'हिस्टेरिया' आला आणि तो त्यांचा सगळ्यात जास्त खपलेला अल्बम ठरला. असे बँड थोडे असतात हे मान्य, म्हणूनच तुझा कुठला आहे ते आधी बघ म्हणतेय.

आता पैशाचं, कारण बाबा बोलतायत त्यात दम आहे. तू पत्रात सहज लिहिलंस की गाणी गायक आणि गिटारवाला लिहितात. मला सगळ्यात जास्त काळजी या वाक्याची वाटली, सेशन ड्रमरची नाही. रॉक बँडमध्ये गाणं ज्याच्या नावावर त्याला वर्षानुवर्षं पैसे येत राहतात, आणि ड्रमरचं नाव बहुतेक वेळा त्यात नसतं. क्वीनचं उदाहरण घे. १९७५ ला 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या सिंगलच्या मागच्या बाजूला ड्रमर रॉजर टेलरने लिहिलेलं गाणं होतं. रेकॉर्ड विकली जायची पुढच्या गाण्यासाठी, पण प्रत्येक रेकॉर्डमागे मागच्या गाण्याच्या लेखकालाही तेवढाच वाटा, त्यामुळे त्याला पुढचं गाणं लिहिणाऱ्या फ्रेडी मर्क्युरीइतके पैसे मिळाले आणि त्यावरून बँडमध्ये बरीच वर्षं धुसफूस होती. उलट यूटू या बँडमध्ये, बँड जमवण्यासाठी शाळेच्या नोटिस बोर्डावर चिठ्ठी लावणारा ड्रमरच होता, लॅरी मलन, आणि त्यांनी संगीताचं श्रेय सगळ्या बँडच्या नावाने ठेवलं. नील पर्ट तर रशची बहुतेक सगळी गाणी स्वतः लिहायचा, शब्द त्याचे. तूपण लिहायला सुरुवात कर ना. मराठीत रॉकला साजेसे, तोंडात बसणारे शब्द लिहिणारा ड्रमर, ठेक्याची अक्षरं ज्याला आतून कळतात, तो बँडला किती हवाहवासा वाटेल!

आणि एक पान लिहून घ्या. चौघांनी बसून, साध्या मराठीत, वकील नंतर बघू. गाणं कोणाच्या नावावर, ठेका आणि मांडणी बसवणाऱ्याला वाटा किती, स्ट्रीमिंगचे पैसे कसे वाटायचे, गिगचे कसे, बँडचं नाव कोणाचं, एक जण गेला तर त्याला काय. आपल्याकडे २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराच्या रॉयल्टीला कायद्याचं चांगलं बळ मिळालंय आणि इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सभासद होऊन ती गोळा करता येते, पण त्यासाठी गाण्याच्या नोंदीत नाव लागतं, 'पाच वर्षं आम्ही एकत्र होतो' यावर कोणी पैसे देत नाही. शिवाय त्या चार गाण्यांवर जो वाजवेल त्याचंच नाव ड्रम्सपुढे छापून येऊ दे. सेशनवाल्याने वाजवलं तर त्याचं. हे तुला आत्ता कडू लागेल, पण उद्या तू दुसऱ्याच्या गाण्यावर वाजवशील तेव्हा हाच नियम तुझ्या उपयोगी येणार.

ज्या दिवशी ते पान तयार होऊन चौघांच्या सह्या होतील, त्या दिवसानंतर नोकरी सोडायचा विषय काढा, तोवर अजिबात नाही. चार गाणी रिलीज होणं हे नोकरी सोडायचं कारण नव्हे. चार्ली वॉट्स जाहिरात कंपनीत ग्राफिक डिझायनर होता आणि रात्री क्लबमध्ये वाजवायचा, जानेवारी १९६३ मध्ये स्टोन्समध्ये गेला तोसुद्धा बराच विचार करून, त्याला पक्कं काम हवं होतं. टेस्टिंगची नोकरी तुझ्या झांजांचे आणि क्लासचे पैसे देतेय, तिला शत्रू समजू नकोस.

करिअर असतं का, तर असतं, फक्त ते एका बँडवर क्वचित उभं राहतं. पुण्या-मुंबईत जे ड्रमर यावर घर चालवतात ते मुलांना शिकवतात, ट्रिनिटी आणि रॉकस्कूलच्या ग्रेड परीक्षा देणारी पोरं आता भरपूर आहेत, लग्न-कॉर्पोरेटचे शो करतात, सिनेमाच्या गायकांबरोबर दौऱ्यावर जातात, आणि उरलेल्या वेळात स्वतःचा बँड. स्टुडिओचं काम प्रोग्रॅमिंगमुळे आटलंय, ते खरं. पण ऐनवेळी दुसऱ्याच्या जागी बसू शकणाऱ्याला कायम काम असतं. २०२३ ला लास व्हेगासच्या स्फिअर नावाच्या सभागृहात यूटूचे शो लागले तेव्हा लॅरी मलन ऑपरेशनमुळे वाजवू शकत नव्हता, तर ब्राम व्हॅन डेन बर्ग नावाचा डच ड्रमर बसला, त्याचा स्वतःचा बँड सांभाळून. आपल्याकडे इंडियन ओशनचा अमित किलम १९९४ पासून एकाच बँडमध्ये आहे, पण तो गातो, गबगुबी हे लोकवाद्य वाजवतो, क्लॅरिनेट वाजवतो. तुझ्याकडे ताशा आहे! मराठी रॉक बँडमध्ये ड्रम सेटच्या बाजूला ताशा ठेवून तो खरंखुरं वाजवणारा माणूस कोणता सेशन ड्रमर आणून देईल? चार गाण्यांपैकी एका गाण्यात तरी ताशाचा ट्रॅक तू वाजव, हे त्या चहाच्या भेटीत सुचवून बघ.

राहिली कानातली शिट्टी. सगळ्यांना होत असेल म्हणून सोडून देऊ नकोस. मेटॅलिका बँडचा ड्रमर लार्स उलरिक अनेक वर्षं याच आवाजाबरोबर जगतोय आणि गायक-ड्रमर फिल कॉलिन्सची ऐकायची ताकद कमी झाली. ८५ डेसिबलला आठ तास, ही सुरक्षित मर्यादा धरतात, आणि प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे शंभर डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. बंद जॅम रूममध्ये ड्रम सेट शंभरच्या वर सहज जातो आणि तुम्ही तिथे तीन तीन तास बसता, शिवाय त्याआधी पथकात वर्षानुवर्षं, कानात काही न घालता. आतल्या ज्या बारीक पेशी मरतात त्या परत येत नाहीत. या आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा, ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घे, आणि संगीतवाल्यांसाठी मिळतात ते इअरप्लग घे, फोमचे नाही, त्यांनी सगळा वरचा आवाज मरतो आणि मग तू झांजा अजून जोरात मारशील. प्लग घालून वाजवायला पहिले काही दिवस विचित्र वाटेल, किक अंगात घुमेल, मग सवय होते. रिपोर्ट येईपर्यंत जॅम रूममध्ये बसू नकोस, पॅडवर क्लिक लावून हळू वाजव, गायकाला भेटायला मात्र रिपोर्टची वाट बघायची गरज नाही.

– ताई